लायब्ररीला जुनं नाव देऊन भागत नाही

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या पोरांत एक तोडगा फार दिवसांपासून फिरतो आहे: उबुंटू २२.०४ या संगणकप्रणालीवर जुन्या प्रोग्रामला ‘लिबएसएसएल १.१’ ही लायब्ररी (नेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणारा, अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) सापडत नसेल, तर लिबएसएसएल ३ लाच त्या नावाची लिंक (म्हणजे त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव) द्या.

हे चूक आहे. तीन एचपीच्या पंपावर पाचची पाटी लावली म्हणून विहिरीचं पाणी जास्त उपसत नाही. नावातला आकडा म्हणजे प्रोग्राम आणि लायब्ररीतला करार. लिबएसएसएल ज्याचा भाग आहे ते ओपनएसएसएल २०२१ मध्ये ३.० झालं, करार मोडला, म्हणून आकडा बदलला. लिंक दिली तरी प्रोग्राम आत जुन्या आवृत्तीची खूण शोधतो, ती न मिळाल्यानं अडतो. अशा खुणा नसलेल्या लायब्ररीत तर तो सुरू होऊन मधेच कोसळू शकतो. मला हेच जास्त घातक वाटतं.

नव्या लायब्ररीवर कंपाइल केलेला, म्हणजे तिच्यासाठी नव्यानं बांधलेला प्रोग्रामच घ्या. नेट रेंगाळत असेल तर पॅकेज त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांसकट पेनड्राइव्हवर आणा.