परसातल्या कोंबड्यांसाठी नर निवडताना

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) नेलेले ग्राहक चार-पाच महिन्यांनी पुन्हा येतात आणि म्हणतात, "आता एक चांगला कोंबडा द्या." चांगला म्हणजे बहुतेकांच्या मनात उंचापुरा, लालभडक तुऱ्याचा, झुपकेदार शेपटीचा. आमचे सांगणे असे, की कोंबडा बघण्याआधी आपल्या कोंबड्या बघा आणि आपली जागा बघा. या दोन्हींना साजेल तोच नर घ्या. रंग शेवटी.

नर हवाच आहे का?

नुसती अंडी खायची असतील तर नर लागत नाही. तलंग वयात आली की कोंबडा असो वा नसो, अंडे घालतेच, आणि त्या अंड्याच्या कसात काही कमी नसते. नर लागतो तो पिल्ले काढायला. शिवाय तो राखणही करतो. आभाळात घार दिसली की त्याची हाक वेगळी असते आणि ती ऐकताच माद्या आडोशाला पळतात. पण मुंगूस किंवा भटका कुत्रा आत शिरला तर एकटा कोंबडा काही करू शकत नाही, तिथे जाळीच भक्कम हवी. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी बिबट्याचाही विचार करावा आणि अंधार पडण्याआधी खुराडे बंद करावे.

आपल्या भागात खरा प्रश्न आवाजाचा आहे. कोंबडा उजाडले म्हणून आरवत नाही, उजाडायच्या बराच आधी आरवतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपापल्या शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच आरवतात. म्हणून खुराड्यावर गोणपाट टाकून आरवणे थांबत नाही, फार तर आवाज थोडा दबतो. जवळून मोजला तर हा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्याने तक्रार केली तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

त्यामुळे सोसायटीत, रो-हाउसच्या मागच्या पट्टीत किंवा घणसोली, करावे, कासारवडवली अशा गावठाणांत, जिथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत, तिथे आम्ही फक्त माद्या ठेवायला सांगतो. त्यासाठीही सोसायटी आणि महापालिकेकडे आधी विचारणा करावी. मुरबाड, शहापूर किंवा पनवेलच्या बाजूला वाडी असेल तर नर जरूर ठेवा. आवाज कमी करण्यासाठी कोंबड्याच्या मानेला पट्टा बांधू नका. श्वास कोंडून पक्षी मरतो.

संख्येचेही बघा. एका नरामागे आठ ते दहा माद्या असाव्यात. तीन-चार माद्यांत एक नर सोडला तर त्याच त्याच मादीवर चढून तो पाठीची पिसे उडवतो, कातडी सोलवटते आणि मादी अंडी घालायची थांबते.

वजनाचा मेळ

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते. गावरान मादी साधारण एक ते दीड किलोची. तिच्यावर चार किलोचा असील (झुंजीची जड जात) सोडला तर तिला त्याचे वजन पेलत नाही, पंखाखाली पायाच्या काट्याच्या जखमा होतात. नर मादीच्या दुपटीहून जड नसावा, असा आमचा साधा हिशेब आहे.

गावरान माद्यांसाठी आम्ही गावरानच नर सुचवतो, पण निवडलेला: ज्याची आई भरपूर अंडी घालते आणि वेळेला खुडूकही (अंडी उबवायला) बसते, अशा घरातला. ज्यांच्याकडे उबवणी यंत्र नाही त्यांच्यासाठी हा खुडूक बसण्याचा गुण मोलाचा आहे. व्हाइट लेगहॉर्न नराच्या मुली अंडी भरपूर घालतील, पण अंड्यांवर बसायची त्यांची तयारी नसते. पिल्लाचे अर्धे गुण बापाकडून येतात, हे नर निवडताना विसरू नका.

उघड्या मानेचा कोंबडा, ज्याला नेकेड नेक म्हणतात, तो अनेकांना दिसायला आवडत नाही. आमची मात्र त्याच्यासाठी खास शिफारस आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, तुऱ्यातून आणि पिसे नसलेल्या कातडीतून उष्णता बाहेर टाकते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन असते आणि हवा दमटही असते, त्यामुळे धापा टाकून फारसे भागत नाही. मान उघडी आणि अंगावरही पिसे कमी, म्हणून हा नर अशा हवेत तग धरतो, आणि हा गुण त्याच्या पिल्लांतही उतरतो.

ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपला आरआयआर, अमेरिकेतला पण आता इथे चांगला रुळलेला. अंडी आणि मांस दोन्ही हवे असेल, माद्याही आरआयआर किंवा तशाच भरलेल्या अंगाच्या असतील, तर हाच घ्या. काही नर तापट निघतात. घरात लहान मुले असतील तर शांत नर निवडून द्या म्हणून आम्हाला आधी सांगा.

कडकनाथबद्दल विचारणारे खूप. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, तिच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नर दीड-दोन किलोचा, चपळ, उन्हाला पक्का. तो घ्यायचा तर माद्याही कडकनाथच ठेवा. गावरान मादीपासून झालेली पिल्ले कडकनाथ नव्हेत, आणि ती कडकनाथ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. अंडी मात्र कडकनाथचीही काळी नसतात, फिकट बदामी असतात. काळी अंडी दाखवून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

गिरिराजा (बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातला) आणि वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातला) या संकरित जाती आहेत. त्यांची पिल्ले आणून वाढवायला उत्तम. पण त्यांचाच नर ठेवून पुढची पिढी काढली तर पिल्ले एकसारखी निघत नाहीत, वजन आणि अंडी दोन्ही घसरतात. म्हणून पैदाशीसाठी हे नर आम्ही विकत नाही. दर खेपेला नवी पिल्ले घ्यावीत.

असील झुंजीसाठी मागणाऱ्यांना आम्ही पक्षी देत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने झुंजी लावणे गुन्हा आहे, आणि पक्ष्याचे हाल होतात ते वेगळेच.

हातात घेऊन बघा

जात ठरली तरी त्या जातीतला कोणता पक्षी घ्यायचा, हे उरतेच. सहा महिन्यांच्या पुढचा नर घ्या. डोळे चमकदार, नाकातून पाणी नाही, पायाची बोटे सरळ, छातीचे हाड वाकडे नाही, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही, हे बघा. पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, तेही पिसे उलटी करून पाहा. मग त्याला माद्यांत सोडून मूठभर दाणे टाका. चांगला नर दाणा चोचीत उचलून खाली टाकतो, क्रूक-क्रूक करून माद्यांना बोलावतो आणि त्यांना आधी खाऊ देतो. एकटाच हावरेपणाने खाणारा, माद्यांना हुसकावणारा नर दिसला की आम्ही तो बाजूला काढतो.

घरच्याच पिल्लांतला नर त्याच्या आई-बहिणींवर ठेवू नका. दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी उबतात, पिल्ले किडकी निघतात. दीड-दोन वर्षांनी नर बदला. शेजारच्या वाडीशी अदलाबदल केली तरी चालते, फक्त पक्षी निरोगी असल्याची खात्री करा.

नवा नर आल्यावर

आमच्याकडून नेलेला असला तरी पहिले तीन आठवडे त्याला वेगळे ठेवा. भांडी वेगळी, खाणे घालायला शेवटी त्याच्याकडे जा. नवापूरला २००६ मध्ये आणि आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लूने काय झाले, ते अनेकांना आठवत असेल. एकाएकी पक्षी मरू लागले तर मेलेला पक्षी उघड्यावर टाकू नका, लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी (राणीखेत) आणि देवीची लस टोचली आहे का, हे विक्रेत्याला विचारलेच पाहिजे. आम्ही लसींच्या तारखा पावतीवर लिहून देतो.

पावसाळ्यात खुराड्यातला तूस ओला राहिला की रक्ती हगवण येते. जून लागण्याआधी जमीन उंच करून घ्या, ओला तूस रोजच्या रोज काढा.

अंड्यावरच्या माद्यांचे लेअर खाद्य नराला नको. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, नराला एक टक्का पुरे. जास्तीचे मूत्रपिंडावर येते. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. गरज असलेली मादी तो आपणहून खाते.

नर सोडल्यावर दहा दिवसांनी अंडी उबवायला जमा करा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहा, लाल शिरा दिसल्या तर अंडे फळले आहे. पिल्लू एकविसाव्या दिवशी. आधीचा नर काढून नवा आणला असेल तर तीन आठवडे थांबा, कारण आधीच्याचे बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते.

गटारीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्याकडे कापायच्या कोंबड्यांची गर्दी असते, तेव्हा पैदाशीचा नर निवडायला येऊ नका, नीट दाखवता येत नाही. येण्याआधी फोनवर माद्या किती, कोणत्या जातीच्या, अंदाजे वजन आणि जागा कुठे एवढे सांगा. पक्षी न्यायला सकाळी लवकर या, हवेशीर डालगे किंवा भोके पाडलेला खोका आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आम्ही पक्षी देणार नाही.