साचा पाडण्याआधी पेटंट का पाहायचं?

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचा नवा ड्रीपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारा भाग, काढायचा तर साच्यातच मोठा पैसा अडकतो. म्हणून आधी विचारायला हवं: हा माल भारतात विकला तर कुणाच्या पेटंटवर पाय पडतो का? या पडताळणीला फ्रीडम टू ऑपरेट म्हणतात. स्वतःच्या सुधारणेचं पेटंट मिळालं म्हणजे माल विकायची मोकळीक मिळाली, असं अनेक जण धरून चालतात. ते चूक आहे. मूळ रचनेचं दुसऱ्याचं पेटंट चालू असेल तर आपली सुधारणाही अडते.

भारतातला पहिला पेटंट कायदा 1856 चा. 1911 चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालातून 1970 चा कायदा आला आणि 1972 पासून लागू झाला. शेतीची पद्धत त्याने पेटंटबाहेर ठेवली. म्हणजे कपाशीला ठिबकने पाणी कसं द्यायचं, यावर पेटंट मिळत नाही. ड्रीपरच्या रचनेवर मिळतं.

पूर्वी पेटंट शोधण्याचं काम कागदावरचं होतं. 1980 मध्ये नागपूरला पेटंट माहिती केंद्र सुरू झालं, तेव्हा भुसावळहून गाडी धरून तिथं जाणं खानदेशच्या माणसाला निदान जमण्यासारखं होतं. 1998 मध्ये पेटंट शोधायचं युरोपचं संकेतस्थळ एस्पेसनेट आलं, 2006 मध्ये गुगल पेटंट्स. भारतीय कार्यालयाचे अर्जही आता घरबसल्या, मोफत उघडतात.

पण सापडलेलं प्रत्येक पेटंट आपल्याला अडवत नाही, कारण पेटंट देशापुरतं असतं. आपल्या कपाशीचंच पाहा. बीटी कपाशीच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे बीजी-वनच्या जनुकाचं भारतात पेटंटच नव्हतं. दुसऱ्या पिढीच्या बीजी-टूचं होतं, क्रमांक 214436. अर्ज 1999 चा, मंजुरी 2008 ची. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2019 मध्येच त्याची वीस वर्षांची मुदत भरली. अमेरिकेतलं पेटंट पाहून इथं घाबरायचं कारण नाही. निर्यात करायची असेल तर मात्र त्या देशात वेगळा शोध घ्यावाच लागतो.

मुदतीआधीही पेटंट मरतं. वार्षिक फी थांबली की ते रद्द होतं, म्हणून आधी सद्यस्थिती पाहावी. रद्द पेटंट ठरावीक काळात पुन्हा जिवंत करता येतं, तेही लक्षात असू द्यावं. मग शीर्षक आणि सारांश सोडून थेट दावे, म्हणजे पेटंटने नेमकं कशावर हक्क सांगितलाय ती कलमं, वाचावीत. दाव्यात वळणावळणाची वाट, सिलिकॉनचा पडदा आणि गाळणी असे तीन घटक असतील आणि आपल्या ड्रीपरमध्ये पडदाच नसेल, तर त्या दाव्याचं शब्दशः उल्लंघन होत नाही. पडद्याचंच काम दुसऱ्या भागाने होत असेल तर पेटंट वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

एक फट तरीही उरते. अर्ज साधारण 18 महिने गुप्त राहतो, त्यामुळे कालपरवा दाखल झालेलं कुठेच दिसत नाही. साच्याची ऑर्डर देण्याआधी एकदा आणि माल बाजारात सोडण्याआधी पुन्हा एकदा, असा दोनदा शोध घ्यावा.