जनुकीय बदल सापडला, पण आजाराचं कारण तोच का?

मुलाला दुर्मीळ आजार, आईवडील मात्र धडधाकट, आणि नेहमीच्या तपासण्यांतून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी तिघांचंही एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएच्या एका भागातल्या अक्षरांचं वाचन, करतात. प्रत्येकी दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं, पण ते ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीत घ्यायचं. हेपॅरिन या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत घेतलं तर पुढे डीएनएच्या प्रती काढणारं विकर अडखळतं.

एक्झोम म्हणजे डीएनएमधला प्रथिनं बनवण्याची कृती असलेला भाग. सुमारे 300 कोटी अक्षरांपैकी तो जेमतेम दीड टक्का. पण एकाच जनुकातल्या दोषाने होणाऱ्या आजारांची बहुतेक ज्ञात कारणं तिथेच सापडली आहेत. डीएनए साधारण 150 अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात आणि प्रत्येक जागा शंभरेक वेळा तपासतात. वाचन कमी पडलं, तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडची, एक वडिलांकडची) एकीतच असलेला बदल नजरेतून निसटतो.

यातून संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या मानवी डीएनएच्या तुलनेत वीसेक हजार बदल समोर येतात आणि खरं काम इथून सुरू होतं. दुर्मीळ आजाराचं कारण लोकांत सर्रास आढळणार नाही, म्हणून 1 टक्क्याहून अधिक प्रमाणात दिसणारे बदल आधी बाजूला काढतात. प्रथिनावर परिणाम न करणारे बदलही बहुधा वगळले जातात. मग आईवडिलांशी ताडून पाहायचं. प्रत्येक मुलाच्या डीएनएत साठ-सत्तर बदल अगदी नवे असतात, पण एक्झोममध्ये त्यांतला एखाददुसराच; आजाराचं कारण तो असू शकतो. दुसरी शक्यता अशी की दोघांकडूनही एकेक सदोष प्रत आली. एवढ्या चाळणीनंतर मोजकी जनुकं उरतात.

ती उरली म्हणजे दोषी ठरली, असं नव्हे. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे एकमेकांशी नातं नसलेल्या रुग्णांत तेच जनुक बिघडलेलं आढळणं. चेहरा आणि हातपायांत जन्मजात व्यंग असलेल्या मिलर सिंड्रोम या दुर्मीळ आजाराचं कारण 2009 मध्ये असंच सापडलं: तीन कुटुंबांतल्या चार रुग्णांचे एक्झोम वाचले, तेव्हा सगळ्यांचं बोट डीएचओडीएच या जनुकाकडे वळलं.

फसगत कुठे होते? बदल दुर्मीळ आहे हे कोणाशी तुलना करून ठरवलं, इथे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचं कारण म्हणून काही रुग्णांना कळवलेले बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत कितीतरी जणांत असतात आणि ते निरुपद्रवी आहेत, हे 2016 मध्ये उघड झालं. तुलनेसाठी विविध वंशांचे लोक आधीच घेतले असते, तर ही चूक टळली असती.

काही दोष या तपासणीला दिसतच नाहीत. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ खुंटवणाऱ्या आनुवंशिक आजारात सीजीजी ही तीन अक्षरं 200 हून जास्त वेळा सलग येतात. ही 600 अक्षरं 150 च्या तुकड्यात मावणार कशी? त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

म्हणून अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल, तर त्यावर उपचाराचा किंवा गर्भाविषयीचा निर्णय घेऊ नये. काहीच सापडलं नसेल, तर वर्ष-दोन वर्षांनी तीच जुनी माहिती पुन्हा तपासायला सांगावी. आजारांशी नव्याने जोडली गेलेली जनुकं सतत यादीत येत असतात, आणि तेवढ्यासाठी पुन्हा रक्त द्यावं लागत नाही.