तीन टनांचा रेटा अडवणारा बोल्ट

पाटण-जावळीकडे गव्यांनी आणि रानडुकरांनी शेत तुडवले, की बंदुकीच्या परवान्याची चर्चा निघते आणि पारावर कुणीतरी ठामपणे सांगतो, की हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा लोखंडी दांडा, ओढून भरायच्या रायफलीपेक्षा आपोआप भरणाऱ्या ऑटोमॅटिकच्या गोळीत जोर जास्त. तसे नसते. जोर काडतुसातील दारू, गोळीचे वजन आणि नळीची लांबी यांवर ठरतो. ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या कप्प्यात, भरणारी, तेथे कोंडून धरणारी आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारी यंत्रणा.

त्यातले कोंडून धरणे विलक्षण असते. दारू पेटताच चेंबरमधील दाब वातावरणाच्या 3,000 ते 4,000 पट होतो. पुंगळीच्या बुडाचे आतील क्षेत्रफळ जेमतेम 0.8 चौरस सेंटीमीटर, तरीही मागच्या दिशेने अडीच-तीन टनांचा रेटा येतो. उसाने लादलेली बैलगाडीच म्हणा ना, आणि तीही नेमबाजाच्या गालासमोर. 1898च्या माउझर रायफलीत हा रेटा बोल्टच्या पुढच्या टोकाचे, खाचेत अडकणारे दोन खुंट पेलतात, तर ली-एन्फील्डमध्ये खुंट मागे असल्याने बोल्ट किंचित दबतो, पण बोल्टची मूठ थोडीच उचलावी लागते आणि हात झपाट्याने चालतो. दाबाने फुगलेली पितळी पुंगळी चेंबरला घट्ट बसून वायू अडवते आणि दाब ओसरताच जराशी आकसते. तरीही ती अडकली, तर मूठ उचलताना बोल्ट तिरक्या कडेवर सरकत तिला मागे खेचतो. शाळेतल्या साध्या यंत्रांमधील ‘उतरण’ ती हीच.

1894च्या विंचेस्टर रायफलीत बोल्ट मागेपुढे करण्याचे काम ट्रिगरखालचा लिव्हर करतो. तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणून टोकदार गोळी टाळतात. धक्क्याने ती पुढच्या काडतुसाची दारू पेटवणारी टोपी फोडू शकते. अपशिंग्याच्या निवृत्त जवानांच्या ओळखीच्या एसएलआरमध्ये, म्हणजे आपोआप भरणाऱ्या लष्करी रायफलीत, नळीतला थोडा वायू दट्ट्या ढकलतो. दुसरी गोळी लगेच तयार होते, पण काजळी यंत्रणेत शिरते.

आपल्याकडे शिकारीवर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. परदेशी शिकारी पहिल्याच अचूक गोळीसाठी बहुधा बोल्ट निवडतो. घराच्या रक्षणाला मात्र मला कोणतीच रायफल योग्य वाटत नाही, कारण सेकंदाला 700 मीटरहून वेगाने जाणारी गोळी पत्र्याच्या भिंतीपाशी थांबत नाही.

खंडेनवमीला उघड्या बोल्टवर हळदकुंकू वाहणाऱ्यांना एक विनंती. तेलात कालवलेली ती पूड खुंटांच्या खाचेत चिखलासारखी बसते आणि बोल्ट पुरता वळत नाही. पूजा दस्त्याची करावी.