विहिरीतला दाब आणि डोंगरावरचा दाब: मूळ एक, हिशेब दोन

विहिरीत खाली जावं तसा दाब वाढतो, डोंगर चढावा तसा कमी होतो. दोन्हीकडे कारण एकच, डोक्यावर जे काही आहे त्याचं वजन. म्हणून गणितही एकच असेल असं बरेच जण धरून चालतात. तिथेच गफलत होते.

पाण्याचं सोपं आहे. पाणी जवळजवळ चेपत नाही, त्यामुळे पहिला मीटर आणि तिसावा मीटर सारख्याच वजनाचा. दर मीटरला साधारण ९८ हेक्टोपास्कल (हवामानखातं दाब मोजतं ते एकक) वाढतात. दहा मीटर खाली गेलं की जवळपास समुद्रकाठच्या अख्ख्या हवेइतका दाब वर चढतो. पाणी किती पसरलंय, याला काही किंमत नाही. गंगापूर धरणात दहा मीटर खाली पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच मखमलाबादच्या एखाद्या अरुंद विहिरीत दहा मीटरवर. धरण एवढं मोठं, मग दाबही मोठा असणार ना? नाही.

हवा मात्र चेपते. गाद्यांची चळत रचली की खालच्या दबून पातळ होतात, वरच्या फुगलेल्या राहतात, तसंच. समुद्रालगत हवा दाट, म्हणून साडेआठ मीटर चढलं तरी एक हेक्टोपास्कल कमी होतो. वर विरळ हवेत तेवढ्याच घटीसाठी जास्त चढावं लागतं. साडेपाच किलोमीटरवर दाब निम्मा होतो. आणखी साडेपाच चढल्यावर तो शून्य होत नाही, पावाहून थोडा कमी उरतो.

नाशिक सुमारे ६०० मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्यासारखा १०१३ नव्हे, ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. (हवामानाच्या बातमीतला आकडा मोठा दिसतो, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगतात.) बागलाणातलं साल्हेर १५६७ मीटर. शहरातून निघून त्याच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत शंभरेक हेक्टोपास्कल कमी होतात. पाण्यात एवढ्या फरकाला मीटरभर बुडी पुरते!

दोन्ही हिशेब एकत्र येतात ते विहिरीवरच्या मोटरीत. काठावरची मोटर खरं तर पाणी ओढत नाही. ती पाइपातला दाब कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली बाहेरची हवा ते वर ढकलते. त्यामुळे हवेच्या दाबाइतकीच तिची पोच: समुद्रकाठी कागदावर १०.३ मीटर, नाशिकला ९.६. घर्षण, वाफ, सांध्यांतून शिरणारी हवा धरली तर सातेक मीटरलाच दम संपतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते ती यासाठीच. काठावर दुप्पट एचपीची आणून बसवली तरी फक्त वीजबिल वाढेल. सबमर्सिबलला ही अट नाही. ती पाण्यात बसून खालून ढकलते, म्हणून तिला हवेचं बंधन नाही. पाणी जितके मीटर वर चढवायचं, तितके ९८ हेक्टोपास्कल तिने पेलायचे, वर पाइपातल्या घर्षणाचे थोडे.