कर्जाच्या आधी शिष्यवृत्ती: महाडीबीटीचा अर्ज भरताना

पोरीला सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला की घरात लगेच बँकेच्या कर्जाची चर्चा सुरू होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, बँकेची पायरी चढण्याआधी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरा.

खुल्या प्रवर्गासाठी तिथे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार देतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना ते 100 टक्के माफ झालं. मेस, वसतिगृह आणि विकास शुल्क मात्र यात येत नाही. प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही. शाहू योजना एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे.

कागदपत्रांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फी पावती, रेशनकार्ड आणि लागू असेल तर जातीचा दाखला लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

खरी मेख आधारची. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, ते आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात. शेजारची एक मुलगी चार महिने नव्या खात्याचं पासबुक भरून आणत होती आणि दर वेळी शिल्लक तीच. शेवटी कळलं, हप्ता शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्यात पडून होता. म्हणून अर्जाआधी बँकेत विचारा, ‘माझं आधार कोणत्या खात्याला सीड आहे?’

अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. त्रुटी निघाली तर परत येतो, तेव्हा दर आठवड्याला स्थिती बघा. दर वर्षी नूतनीकरणही करावं लागतं.

इतकं करूनही पैसे कमी पडले, तर कर्ज. 4 लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांमध्ये, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात 3 टक्के व्याजसवलत मिळते, पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नसेल तरच. हप्ते अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दर वर्षी 1 लाख उचलले आणि सरळव्याज 10 टक्के धरलं, तर चार वर्षांचा कोर्स आणि पुढचं एक वर्ष मिळून 1 लाख 40 हजार नुसतं व्याज होतं. म्हणून बँकेच्या अर्जात पूर्ण फी लिहू नका. शिष्यवृत्तीचा मंजुरीचा कागद सोबत न्या आणि उरलेली रक्कमच मागा.