वीक्सव्हिल

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुक्लिन विभागातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांची एकोणिसाव्या शतकातील वस्ती. रहिवाशांनी स्वतः हाती धरलेल्या पुरातत्त्वीय शोधकार्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून ती अभ्यासली जाते.

न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्ये संपुष्टात आली. मात्र १८२१ च्या राज्यघटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलर किमतीची मालमत्ता असणे सक्तीचे होते. त्यामुळे जमीनखरेदीला राजकीय अर्थ आला. जेम्स वीक्स याने हेन्री थॉम्प्सनकडून भूखंड घेतला ते १८३८ हे वर्ष स्थापनेचे मानण्याची प्रथा आहे. परिसरात कृष्णवर्णीयांची खरेदी त्याआधीच सुरू झालेली दिसते, तेव्हा हे वर्ष सोयीचे म्हणूनच घ्यावे. १८६३ च्या लष्करभरतीविरोधी दंगलीत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, तेव्हा मॅनहॅटनमधून पळालेल्या अनेकांना येथे आसरा मिळाला. पुढे शहराच्या आखीव रस्त्यांत वस्तीचे वेगळेपण पुसले गेले.

१९६८ मध्ये इतिहासाभ्यासक जेम्स हर्ले व वैमानिक जोसेफ हेन्स यांनी विमानातून पाहणी केली. चौकोनी आखणीशी न जुळणारा, तिरका गेलेला एक गल्लीवजा तुकडा त्यांना दिसला. तो जुन्या हंटरफ्लाय रोडचा अवशेष होता व त्याच्या कडेला चार लाकडी घरे उभी होती. ही घरे प्रथम १८३० च्या सुमाराची मानली गेली. नंतरच्या अभ्यासानुसार ती १८४० ते १८८० च्या दशकांतील असावीत. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जुना रस्ता वस्तीच्याही आधीचा आहे; घरे त्याच्या रेषेत असली, तरी रस्त्याचे प्राचीनत्व घरांना लावता येत नाही.

जवळच्या पाडकामाच्या जागेवर शाळकरी मुले, बालवीर व शेजारी उत्खननात उतरले. सापडलेल्या वस्तूंत एका अनोळखी कृष्णवर्णीय स्त्रीचे टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर घेतलेले छायाचित्र, होते. ‘वीक्सव्हिल लेडी’ या नावाने ते पुढे वस्तीची ओळखखूण बनले. घाईच्या बचाव-उत्खननात मातीच्या स्तरांच्या काटेकोर नोंदींची अपेक्षा धरता येत नाही. पण रहिवासी पुढे सरसावले नसते, तर पाडकामात हा पुरावा गेलाच असता. याच मुलांनी शहराच्या वारसा आयोगापुढे घरांसाठी बाजू मांडली. १९७० मध्ये घरांना शहराचे संरक्षण मिळाले, तर १९७२ मध्ये ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदयादीत आली.

चित्रकार जोन मेनार्ड यांनी जतनसंस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. घरांलगत वीक्सव्हिल हेरिटेज सेंटरची नवी इमारत असून ती २०१४ पासून वापरात आहे.